पाळण्याच्या चालीवर

जळगाव जामोद
१२ जानेवारी २०२५

आशावयनीले पंजाबचा इकडूनच वाकून नमस्कार.

चिठ्ठी पाहून तुम्हाले हसू येईन. मोबाइलच्या जमान्यात हा येडा कागद काळे करून राह्यला, म्हनसान. पन मांगच्या पोळ्याले मी भर चौकात किरिया घेतली होती, का दादा सोता फोन करन तवाच मी त्याले फोन करीन. चिठ्ठी लिहनार नाही अशी किरिया काही घेतली नव्हती. जिंदगीभर एसटीत कंडक्टरकी केली वयनी, नियमातली फट मले बराबर दिसते.

मले एकच सांगा. दादाचा राग उतरला का नाही? मी असं काय मोठं पाप केलं? पोळा फुटाच्या आधी तोरनाखाली झडत्या म्हनाच्या, एकमेकाची टोपी उडवाची, हे काही आजचं नाही. झडत्या मले दादानंच शिकवल्या. मी फक्त येवढं म्हनलं:

दादानं आनला टॅक्टर, बैल टाकले इकून,
शिंगं कोठी रंगवू याचे, पाह्यतो खालून वाकून!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

सारा गाव पोट धरून हसला. दादा मात्र टोपी झटकून घरी चालला गेला, तो गेलाच. तवापासून ना फोन, ना निरोप. मी बी मंग रागारागात देऊळघाटवाल्या कोनाचाच फोन उचलला नाही. आता दिवाळी गेली, संक्रांत आली. भाऊ आहो आमी, का सोयरीक मोडलेले व्याही?

रेणुका म्हनते, तुम्हीच लहान आहा, तुम्हीच नमा. तिले काय जाते सांगाले!

तुमचा देर,
पंजाबराव


देऊळघाट
२० जानेवारी २०२५

पंजाबभाऊले अन् रेणुकाले आशीर्वाद.

चिठ्ठी पोचली. पोस्टमन म्हने, काकू, या घरी बँकेच्या कागदाबिगर काही आलेलं मी पयल्यांदा पाह्यलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हनतेत ते काही खोटं नाही. किरिया तुमचीच, अन् पळवाट बी तुमचीच.

बैल इकले त्या रोजी तुमचे दादा जेवले नव्हते. रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले होते. तुम्हाले ते माहित नव्हतं, म्हनून माह्याकडून तुम्हाले माफी. त्याइचा राग उतरला का नाही, ते मले नका इचारू. ते त्याइचं तेच सांगतीन, जवा सांगतीन तवा.

इकडची खबर म्हनजे आमी दोघं शाळेत जायाले लागलो! आता हसा पोटभर. समता म्हनून मास्तरीन हाय, बुलढान्याच्या शाळेवर. दर रविवारी दुपारी ती विहाराच्या हॉलात मोठ्या मानसाइचा वर्ग भरवते. फी नाही, परीक्षा नाही, फक्त केस पांढरे पाह्यजेत. पयले तिची सासू महामायाबाई, रिटायर नर्स, श्वासाची अन् हातापायाची कसरत घेते. बाया कुरकुरतेत, का सारी जिंदगी निंदून निंदून कंबर गेली, अन् अथी बी वाकाच! पन घरी जातानी पाय हलके लागतेत, हे बी त्याच सांगतेत. मंग गावाचा इतिहास, अन् मंग चित्र नाही तं गानं. मी कोंबडी काढली. समता म्हने, काकू, मोर लय सुंदर झाला.

मांगच्या रविवारी तिनं फरशीवर खडूनं जुन्या गावाचा नकाशा काढाले लावला. बाप्पा, काय भांडनं! शालिग्राम म्हने जुनी विहीर वेशीच्या आत होती, किसनराव म्हने बाहीर. दोघं बी नातवंडवाले, पन हमरीतुमरीवर आले. तुमचे दादा मांगून उठले, डाव्या हातात खडू घेतला अन् चिंचेपाशी एक टिंब देल्लं. मंग शालिग्राम म्हने, बराबर, अथीच होती. मले लय अभिमान वाटला, तुम्हालेच सांगते.

थंडी हाय. कानाले बांधत जा.

आशावयनी


जळगाव जामोद
९ फेब्रुवारी २०२५

वयनी,

माही किरिया मोडली. परवा मी फोन केला. तुम्ही दळनाले गेल्या असान, दादानंच उचलला. म्हनलं, दादा, मी पंजाब. राग गेला नाही काय अजून? म्हने, हाव. म्हनलं, माहं तोंड पाहाचं नाही काय तुले? म्हने, हाव. माह्या बी तोंडात मंग सैतान शिरला. म्हनलं, मी मेलो तं मातीले बी येनार नाही काय? तरी म्हने, हाव. एकाच आवाजात, तीन बार. मी फोन ठेवून देल्ला.

तुम्ही लिहता त्याइले वर्गात नकाशे काढता येतेत. चित्राले हात हाय, कसरतीले अंग हाय, अन् सख्ख्या भावाले द्याले एक सरळ शब्द नाही! आनि वर्ग विहाराच्या हॉलात भरते म्हने. आपल्या घरचे लोक तथी कवापासून जायाले लागले?

आता मी ना फोन करीन, ना लिहीन. तुम्ही माह्या मायच्या जागी आहा म्हनून येवढं कळवलं.

पंजाबराव


देऊळघाट
१४ फेब्रुवारी २०२५

भाऊ,

तुमची चिठ्ठी वाचून मी चुलीपुढं बसून रडली. आता झाकून काही उपयोग नाही.

डिसेंबरात तुमच्या दादाले लकवा मारला. तोंड वाकडं झालतं ते सुधरलं. पाय चालतेत. उजव्या हातात जोर नाही, म्हनून खडू डाव्या हातात होता. पन बोलनं गेलं. सारं गेलं भाऊ, एकच शब्द राह्यला, हाव. जेवता का, तं हाव. जेवत नाही का, तं बी हाव. समजते सारं, डोकं शाबूत हाय. मनात दुसरं असते, अन् तोंडातून तेवढंच निंगते. लिहाले बसवलं तं अक्षरं बी सापडत नाहीत.

त्या रोजी मी दळन घेऊन आली तं ते भिंतीले डोकं टेकून बसले होते, मोबाइल मांडीवर, अन् डोळ्यातून पानी चालू. मले वाटलं चक्कर आली. काऊन रडत होते ते तुमच्या चिठ्ठीतून समजलं.

तुम्हाले काऊन नाही सांगितलं? दवाखान्यात मी इचारलं होतं, पंजाबभाऊले बलावू का. त्याइनं तोंडावर हात ठेवला, जोरजोरानं आडवी मान हालवली, अन् मले हात जोडले. लग्न होऊन आली तवापासून त्या मानसानं मले कधी हात जोडले नव्हते. झडतीवर झडती टाकनारा मानूस, तो लहान्या भावापुढं मुका उभा राह्याले लाजते. म्हनून मी साऱ्या गावाले दटावलं, पुन्यातल्या आपल्या पोराले, राजकुमारले बी शपथ घातली, का पंजाबकाकाले कळवशीन तं माह्याशी गाठ हाय.

अन् विहाराचं इचारलं तुम्ही. आपले लोक म्हनजे कोन, भाऊ? तुमचे दादा रस्त्यात पडले तवा लोकं गोळा होऊन पाह्यत होते. महामायाबाई अनवानी पळत आल्या, त्याइले कुशीवर केलं, ओरडून ओरडून जीप आनवली अन् सोता संग दवाखान्यात बसल्या. वर्गात बी त्याच हात धरून घेऊन गेल्या, का घरात बसून मानूस गंजते म्हने. त्या नसत्या तं तुम्हाले ही चिठ्ठी नाही, तेरवीची पत्रिका आली असती. पुन्हा असं लिहू नका.

येऊ पन नका. दादाची मर्जी तशी हाय. त्याइनं हो म्हनलं का मी लगेच कळवीन. अन् हो त्याइचं मानेवरून पाहाचं असते, तोंडावरून नाही.

आशावयनी


जळगाव जामोद
१८ फेब्रुवारी २०२५

वयनी,

माहं डोकं काम करत नाही. तुम्ही डावा हात लिहला होता, अन् तो वाचून बी मले उमगलं नाही. मी त्याले काय काय इचारलं, अन् त्या बिचाऱ्यानं काय म्हनावं!

चिठ्ठी वाचली तसाच स्टँडवर गेलो. बुलढान्याच्या गाडीत बसलो बी. नांदुऱ्याले उतरलो, घटकाभर बसलो, अन् वापस आलो. त्याची मर्जी मोडून त्याच्यापुढं कोन्या तोंडानं उभा राहू? तो म्हनन तवाच येईन. पन त्याले येवढं सांगा, का बोलता आलं नाही तरी मले चालते. मी दोघाइचं बोलीन. तसं बी आजपर्यंत मीच बोलत आलो.

महामायाबाईले माहा नमस्कार सांगा. विहाराबद्दल जे लिहलं ते वापस घेतलं. त्या बाईचे उपकार माह्या कातड्याचे जोडे केले तरी फिटनार नाहीत.

पंजाब


देऊळघाट
३० मार्च २०२५

पंजाबभाऊ, आज पाडवा, अन् बातमी बी साखरगाठीवानी गोड हाय.

या वर्गाची एक रीत हाय. दर रविवारी वर्गातल्याच एकानं काहीतरी शिकवाचं अन् बाकीच्याइनं शिकाचं. मास्तरीन बी तवा मांडी घालून खाली बसते. शिवरात्रीनंतरच्या रविवारी महामायाबाईची पाळी होती. नोकरीत असतानी लेकरू झालं का त्या एक पाळना म्हनत, तोच त्याइनं शिकवाले घेतला:

हाल हाल पाळन्या, पिंपळाच्या पाना,
निजला गं बाई माहा राजस तान्हा.

आमी साऱ्या म्हनून राह्यलो. अन् माह्या मांगून एका बाप्याचा आवाज आला. भरीव. मी वळून नाही पाह्यलं भाऊ, मले भेव वाटलं का पाह्यलं तं बंद होईन. पूरी ओळ आली, एक शब्द नाही चुकला. समता गाता गाता थबकली. महामायाबाईनं हातानंच खूण केली, थांबू नका, म्हनत राहा. मंग आमी तोच पाळना म्हनतच राह्यलो, घसे बसले तरी. शालिग्रामसारखा रांगडा गडी डोळे पुसत पाळना म्हनत होता!

डॉक्टर म्हने, काही जनाइचं असं होते, बोलनं जाते पन गानं वाचते. पाळन्याची चाल सोडली का शब्द गायब, पुन्हा हाव. तवा समता म्हने, मंग बोलाचं ते सारं पाळन्याच्याच चालीवर टाकू. ती पोरगी रोज शाळा सुटली का घरी येते. एकेक वाक्य, मांडीवर ठेका धरून, पुन्हा पुन्हा. कधी चार रोज एका वाक्यात जातेत. ती चिडत नाही, थकत नाही. मी तं दोनदा उठून गेली, मलेच सहन होईना. ती मात्र म्हनते, काका, पुन्हा एकदा. असं मानूस मी नाही पाह्यलं.

काल न्हानीतून आवाज आला, “हाल हाल आशाबाई, पानी आन ऊन!” मी हातातलं भांडं टाकून पळाली. जेवतानी म्हनतेत, “भाजीले मीठ नाही, सांगतो तुले.” आजपर्यंत मुकाट जेवनारा मानूस आता सुरात चुका काढते! दुकानात साखर बी गाऊनच मागतेत. पयल्या रोजी पोरं हसले. दुकानवाल्या जीवननं काय केलं माहित हाय? त्यानं बी सुरातच जबाब देल्ला, साखर संपली काका, गूळ घेऊन जा!

आज पुरनपोळी केली हाय. तुमच्या नावाची एक मी खाल्ली.

आशावयनी


जळगाव जामोद
८ एप्रिल २०२५

वयनी,

तुमची चिठ्ठी मी रेणुकाले वाचून दाखवली, शेजाऱ्याले दाखवली, चहाच्या टपरीवर दाखवली. टपरीवाला म्हने, पंजाबराव, आता ऐकून ऐकून आमालेच पाठ झाली.

ती समता मास्तरीन कोन हाय, तिच्या पायाची धूळ पाठवा. आमच्याकडं बी असा वर्ग पाह्यजे असं मी नगरपालिकेच्या वाचनालयात जाऊन सांगून आलो. तथला मानूस म्हने, शिकवनार कोन? मी म्हनलं, मी झडत्या शिकवतो. आता पाहू.

पाळन्याची चाल मी बी घरी म्हनून पाह्यली. दादा सुरात बोलन तं मले बी सुरात जबाब द्या लागन ना. रेणुका म्हनते, म्हैस दूध आटवन, बंद करा.

आता तरी येऊ काय? इचारून पाहा.

पंजाब


देऊळघाट
८ जून २०२५

पंजाबभाऊ,

दोन महिने लिहलं नाही, तुम्ही फोनवर फोन केले, मी काही ना काही सांगून टाळलं. रागावू नका. तुम्ही येऊ काय इचारलं होतं, पन त्याइची मान आडवीच होती, अन् मंग लिहासारखं काही राह्यलं नाही.

मे महिन्यात एका लग्नात गेलो होतो. पंगतीत तुमच्या दादानं वरन मांगितलं, गाऊनच. एक पिऊन आलेला पाहुना ओरडला, अंगाई झाली, आता याले दूध पाजा! सारी पंगत हसली. भाऊ, त्याइनं भरल्या ताटावरून हात काढला. घरी आले अन् भिंतीकडं तोंड करून निजले. दुसऱ्या रोजी काही इचारलं तं पुन्हा तेच, हाव. पाळना म्हना म्हनलं तं तोंड मिटून घेतलं. वर्गाले जानं सोडलं. समता आली तं गोठ्यात जाऊन बसले. मी आशाच सोडली होती. खोटं कायले सांगू, मी देवाले म्हनलं, द्याचं नव्हतं तं दाखवलं काऊन?

मंग एका रविवारी दुपारी दार वाजलं. उघडून पाह्यते तं अख्खा वर्ग! समतानं सतरंजी खांद्यावर घेतली होती, किसनरावच्या डोक्यावर फळा, महामायाबाईच्या हातात हजेरी. उन्हानं साऱ्याइचे तोंडं लाल. कोनी काही समजावलं नाही, कोनी कीव केली नाही. गोठ्यात बैलाच्या जागी सतरंजी हातरली, कसरत केली, इतिहास सांगितला, जसं काही वर्ग नेहमी आमच्या गोठ्यातच भरते. दुसऱ्या रविवारी बी आले. तिसऱ्या रविवारी गान्याच्या टायमाले महामायाबाई तुमच्या दादाकडं पाहून म्हनल्या, आज पाळी कडूबाची हाय, शिकवनार नसन तं आमी बसून राहू. अन् बसून राह्यले सारे. लय वेळ. म्हातारेकोतारे, पाय अवघडले, कोनी हाललं नाही. शेवटी तुमच्या दादानं मांडीवर ठेका धरला.

काय गायलं माहित हाय? एकच शब्द. “पंजाब.”

समतानं इचारलं, भावासंग बोलाचं हाय काय काका? त्याइनं मान हालवली, उभी. आता रोज सांजच्याले समता आली का दोघं गोठ्याचं दार लावून घेतेत. मले चहा घेऊन बी आत येऊ देत नाहीत. बाहीर फक्त तुमचं नाव ऐकू येते, अन् समताचं, काका, पुन्हा एकदा.

अजून थोडं थांबा.

आशावयनी


जळगाव जामोद
२२ जून २०२५

वयनी,

दुपारी फोन आला तवा तुम्ही तिकडं वर्गात होत्या, तुम्हाले तिकडचं सारं माहित हाय. म्हनून मी इकडचं लिहतो.

मी ओट्यावर पेपर वाचत होतो. दादाचं नाव दिसलं अन् माहा हातच उचलेना. रेणुकानं बटन दाबून माह्या कानाले लावला. पयले तुमच्या साऱ्याइच्या टाळ्या ऐकू आल्या, हळू, ठेक्यात. अन् मंग दादा.

हाल हाल पंजाब्या, नाठाळ पोरा,
वर्ष होत आलं, तोंड लपवतं, कसा रे तू चोरा?

मंग थांबला. टाळ्या चालूच होत्या. मले वाटलं इसरला. कोन्या तरी बाईनं हळूच चाल गुनगुनली, अन् त्यानं उचललं.

बैलाची थट्टा केली, केली तं केली,
भावाची वाट मातर काऊन सोडली?

वयनी, आमची माय वावरात जाये तवा माहा पाळना दादाच हालवे. तो सात-आठ वर्साचा होता, शाळा बुडवून हालवे. हे मले मायनं सांगितलं होतं, मले सोताले कसं आठवनार? तान्ह्या लेकराले काय आठवते? पन आज साठीच्या मानसाले ओट्यावर बसल्या बसल्या आठवलं, पक्कं आठवलं. मी इतका रडलो का रेणुका घाबरली, तिले वाटलं तिकडं काही वाईट झालं.

मी बी चाल शिकून ठेवली होती, जबाब बी जोडून ठेवला होता. एक अक्षर फुटलं नाही तोंडातून. पूरी गाडी गप करनारा कंडक्टर मी, अन् दादाच्या एका पाळन्यानं मलेच गप केलं. दादा तिकडं वाट पाह्यत होता. टाळ्या बी थांबल्या. तुम्हाले वाटलं असन फोन कटला. मी रडून राह्यलो हे त्याले समजलं असन, कारन मंग तो बोलला. चाल नाही, ठेका नाही. साधं, आपन बोलतो तसं.

“ये घरी.”

तुम्ही साऱ्याइनं जो गलका केला त्यात मंग मले काहीच ऐकू आलं नाही.

उद्या पयल्या गाडीनं निंगतो. ही चिठ्ठी माह्यामागून दोन रोजानं पोचन. पोचली का दादाले मोठ्यानं वाचून दाखवजा, मी समोरच बसलेला असन. मले हे त्याले तोंडानं सांगता येनार नाही.

पंजाब